मळ्यातल्या मोटारीचा नंबर

२००३ सालापर्यंत भारतात मोबाईलवर आलेला कॉल उचलला, तरी उचलणाऱ्याच्या खात्यातून पैसे जात असत. पुढे येणारे कॉल मोफत झाले, तरी करणाऱ्याला मिनिटाचा हिशेब चुकला नाही. म्हणून घरोघरी न उचललेल्या रिंगेचेच संकेत ठरले. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे खाली ये. कॉल स्वस्त होत गेले तसा शहरांत हा मिस्ड कॉल मागे पडला. विहिरीवर मात्र तो कामाला लागला.

शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसभर मिळत नाही. ती आळीपाळीने कधी दिवसा येते, तर कधी रात्री. आणि रात्रीची पाळी असली की पंपाची मोटार चालू करायला अंधारात मळा गाठावा लागतो, जिथे पायाखाली साप असू शकतो आणि जुन्नरसारख्या तालुक्यात उसात बिबट्याही. यावर ऑटो स्विचचा तोडगा निघाला, परंतु लाईट येताच एका डीपीवरच्या, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम सुरू होत, तो भार डीपीला पेलत नसे आणि ती जळाली की सगळ्यांचेच पाणी बंद पडे. एकाची सोय अशी साऱ्या शिवाराला महागात पडत होती.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाने मोटार मोबाईलला जोडली. आता अशी उपकरणे बरीच मिळतात आणि गावात त्या सगळ्यांना सरसकट मोबाईल स्टार्टरच म्हणतात.

मोटार चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरच्या पेटीलगत एक लहानसा डबा असतो आणि त्यात एक सिमकार्ड. शेतकरी घरून त्या नंबरावर फोन लावतो, लाईट आहे की नाही ते आवाजावरून ओळखतो आणि ठरलेला आकडा दाबून मोटार चालू करतो. काही उपकरणांत नुसता मिस्ड कॉलही पुरतो. चांगल्या उपकरणात विजेच्या तीनपैकी एखादा फेज गेला किंवा विहिरीचा तळ लागला, तर मोटार आपोआप बंद होते. मोबाईलमध्ये ‘मामा’, ‘मेडिकल’ यांच्या रांगेतच ‘मोटार वरची’ आणि ‘मोटार खालची’ अशी नावे असतात. तिचा रिचार्जही घरच्या माणसांच्या रिचार्जबरोबर लक्षात ठेवावा लागतो, कारण मुदत संपली की फोन लागत नाही आणि पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीवर जाणे आले.

ठिबकवाल्याची रात्रीची फेरी यामुळे बरीचशी वाचली. पाटाने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला मात्र दारे धरायला, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवायला, शेतात जावेच लागते. त्याचा फायदा एवढाच की शेवटची सरी भरल्यावर मोटार बंद करण्यासाठी त्याला चिखल तुडवत विहिरीपर्यंत परतावे लागत नाही, बांधावरूनच फोन लावता येतो.