अंगणातला लष्करी ट्रक आणि थोडीशी हत्यारं

नमस्कार राजेहो. आज बोलायचंय जुन्या लष्करी ट्रकबद्दल, म्हणजे तो घरी, अंगणात, मोजक्या हत्यारांवर परत चालता करायचा कसा याबद्दल. तुमच्यातले बरेच जण म्हणतील की त्याला मोठं गॅरेज लागते, लिफ्ट लागते, कॉम्प्रेसर लागतो. मला उलटं वाटते. हत्यारं कमी असली की माणूस गाडी कमी उघडतो, आणि जुनी गाडी जितकी कमी उघडाल तितकी ती वाचते. ज्याच्याकडे सगळंच आहे तो पहिल्याच झटक्यात गाडी पूर्ण सुट्टी करून टाकतो, मग नटबोल्टचे डबे वर्षानुवर्षं माळ्यावर, आणि शेवटी भंगारवाला.

आमच्या अंगणात आहे तो शेवरले सी-१५, दुसऱ्या महायुद्धातला, कॅनडात बनलेला. त्या युद्धात कॅनडानं ८ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या, त्यात मोठा वाटा या सीएमपी ट्रकांचा, सीएमपी म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न. सी म्हणजे शेवरले, एफ म्हणजे फोर्ड, आणि १५ म्हणजे १५ हंड्रेडवेट, आपल्या हिशेबानं साधारण ७६० किलो माल. ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ फौजांसाठी बनवले म्हणून स्टिअरिंग उजव्या बाजूला, नाक चपटं. नंतरच्या केबिनमध्ये समोरची काच थोडी जमिनीकडे झुकवलेली आहे, कशासाठी तर ऊन चमकून वरच्या विमानाला गाडी दिसू नये, आता नागपूरच्या उन्हात त्याचा डोळ्यांनाही फायदाच होतो म्हणा. युद्ध संपल्यावर असे ट्रक डिस्पोजलमध्ये, म्हणजे फौजेच्या जुन्या मालाच्या विक्रीत निघाले, लोकांनी घेतले आणि पार मोडेस्तोवर वापरले. आमचा म्हणे जंगलात सागवान ओढत होता, आधीचे मालक तसं सांगतात, आणि मागचा हौदा बघून ते पटते.

आता मुद्दा असा की हा ट्रक बनवलाच मुळी वाळवंटात नाहीतर चिखलात एखाद्या ड्रायव्हरनं पाना घेऊन नीट करावा म्हणून. शिडीसारखी सरळ चेसिस, सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन, ८५ हॉर्सपॉवर, सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही. त्यामुळे सुरुवातीला एक बरा जॅक, सागाचे जाड ठोकळे, हातोडी, छिन्नी आणि पाने इतक्यावर भागते. पण पाने इंची घ्या, इथं कंजुसी नको. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ एमएम, त्याला घरातला १३ चा पाना बसतो खरा पण ढिला बसतो, आणि ऐंशी वर्षं गंजलेल्या नटाला ढिला पाना लावला की कोपरे गोल झालेच समजा. पाऊण इंचाला १९ चा चालून जातो, ९/१६ ला १४ चा जातच नाही. इतवारीत लोहाओळीत फिरा, जुन्यातले इंची पाने हाताला लागतात.

गंजाचं बोलायचं तर सँड ब्लास्टिंगच्या मागं लागू नका, पातळ पत्रा त्यात वाकडा होतो. लहान पार्टसाठी मळी वापरा, गुळाची मळी, जनावरांच्या खुराकात टाकतात ती, एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये पार्ट बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जायचं, लोखंड उघडं होऊन बाहेर येते. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा पार्ट मात्र त्यात चुकूनही टाकू नका, कार्बोरेटर तर नाहीच नाही. वास येतो हे कबूल, आमच्या शेजारच्या काकू कुंपणावरून विचारून गेल्या, काहो भाऊ, घरीच दारू गाळून राहिले काय. दुसरा उपाय विजेचा, पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा, पार्ट आणि भंगार लोखंड त्यात बुडवायचं आणि बॅटरी चार्जर जोडायचा, पार्ट वजा बाजूला, भंगार लोखंड अधिक बाजूला. तिथं स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते, आणि बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करायचं. आणि पावसाळ्यात घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला की सकाळी परत लाल, म्हणून घासलं त्याच दिवशी प्रायमर.

इंजिन जाम असेल तर घाई करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओता, मुरू द्या, मग हँडलनं थोडं पुढं थोडं मागं हलवत राहा. दोरी बांधून दुसऱ्या गाडीनं ओढायचा शॉर्टकट लोक सुचवतात, तो नको, रिंगा तुटतात. फिरायला लागलं की स्टार्ट करण्याआधी इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवून साफ करा, कारण या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना ऑइल उडवून पोचवतात, रॉडच्या खाली छोटा चमचा असतो तो ऑइलमध्ये बुडतो, आणि तिथं गाळ साचला असेल तर चमचा गाळच उडवणार. अजून एक, ऑइलचा काटा १५ पीएसआयच्या आसपासच राहतो, ते त्याचं नॉर्मल आहे, नवीन गाडीच्या हिशेबानं घाबरून इंजिन खोलायला घेऊ नका.

आता जरा नीट ऐका, कारण इथं जीव जाऊ शकतो. या ट्रकांचं चाक दोन भागांचं असते, दोन अर्धे रिम नटांनी एकत्र आवळलेले. हबजवळच्या गोलातले नट चाक गाडीला धरतात, बाहेरच्या गोलातले नट रिमचे दोन भाग धरतात. हवा भरलेली असताना बाहेरचा नट सोडला तर अर्धा रिम तोफगोळ्यासारखा सुटतो. फौजेत हे नट लाल रंगवायचा रिवाज होता, ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून रिटायर झालेले आमच्या ओळखीचे एक हवालदार काका अंगणात आले तर बाकी काही बघायच्या आधी तेच विचारतात, लाल रंगवले का. तुम्हीही रंगवा, आणि चाकाला हात लावायच्या आधी वॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडा.

ब्रेक इंजिनाच्या आधी करायचे, चालणारी गाडी थांबलीही पाहिजे ना. हायड्रॉलिक आहेत, व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतात, ते हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून स्लीव्ह टाकून आणता येतात, हे काम घरी करायच्या भानगडीत पडू नका. ड्रममधली जुनी धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असते, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं फेका. रंगातही शिसं असू शकते, म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी लावून घासा.

वायरिंग ६ व्होल्टचं. तेवढ्याच ताकदीला १२ च्या दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड पाहिजे, स्टार्टर मरतुकडा फिरला की आधी केबल आणि अर्थिंग बघा. आणि आजकालचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला खाते, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, आणि पाइप नवीन, इथेनॉल झेलणारेच टाका. उन्हाळ्यात नवतपात पेट्रोल लाइनमध्येच उकळते आणि गाडी भर रस्त्यात बसते, तेव्हा पंपावर ओलं फडकं, दुसरं काही नाही. लाइन सायलेन्सरपासून लांब नेली तर तेही कमी होते.

कोणी ना कोणी सल्ला देतेच की डिझेल इंजिन बसवून टाक, ॲव्हरेज मिळेल. बसवू नका. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यात ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात पाहिजे, इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा बदल केलेला नको, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरमध्ये व्हीए येते, मालवाहतुकीला वापरता येत नाही. ट्रक त्यात कसा बसवतात ते आधी आरटीओत जाऊन विचारा, चेसिस नंबरची पाटी कागदांशी जुळवा, मग विकणाऱ्याला पैसे द्या आणि क्रेन बोलवा.