जन्माने संशयित

(दृश्य: सोलापूर. सकाळची वर्दळ, रिक्षाथांबा, जुन्या गिरणीची चिमणी.)

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा परिसर आहे. रिक्षावाल्याला एवढे नाव सांगितले तरी पुरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे तारेचे कुंपण होते आणि त्या कुंपणाच्या आत कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग-गारुडी अशा अनेक जमातींची कुटुंबे ठेवलेली होती. आत येण्याजाण्यासाठी परवाना लागे आणि ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. कुंपणात राहणाऱ्या कित्येकांवर कोणत्याही न्यायालयात कसलाही गुन्हा शाबीत झालेला नव्हता, आणि तेथे जन्मलेल्या मुलांवर तर तो होण्याचा प्रश्नच नव्हता. ते विशिष्ट आईबापांच्या पोटी आले होते, आणि सरकारच्या दृष्टीने तेवढे कारण पुरेसे होते.

हे कारण कायद्यात लिहिलेले होते. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असे प्रांतिक सरकारला वाटले, तर गव्हर्नर जनरलच्या संमतीने त्या संपूर्ण समूहाला गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असे, आणि या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागण्याची सोय नव्हती. आधी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्वत्र लागू करता येईल असा झाला. नोंदणी झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात. रात्री तो कोठे झोपतो, गाव सोडून कोठे जातो, याची वर्दी त्याला द्यावी लागे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला होता.

या कायद्यामागे एक ठाम समजूत होती. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार, असा युक्तिवाद त्या काळच्या अधिकाऱ्यांनी गंभीरपणे केला. युरोपातही तेव्हा असेच वारे वाहत होते. इटलीत चेझारे लोंब्रोझो हे वैद्य कवटीच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे सांगत होते. पुढे हिंदुस्थानात हर्बर्ट रिस्ले हे ब्रिटिश अधिकारी नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड शास्त्रशुद्ध असल्याचे दाखवू पाहत होते. वंशाचा अहंकार असा विज्ञानाच्या वेशात आला आणि त्याला येथल्या जातिव्यवस्थेची तयार जमीन मिळाली. दोष केवळ साहेबाचा होता असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कायदा लंडन-कलकत्त्याच्या विचारांतून आला असेल, पण गावोगावी त्याच्या अंमलबजावणीला हातभार लावणारे हात आपलेच होते, आणि वेशीबाहेर उतरलेल्या पालांकडे संशयाने पाहण्याची सवय त्या हातांना कायद्याच्या आधीपासून होती.

(दृश्य: घाटातून जाणारी मालगाडी. नंतर माळरानावरची पाले, बांधलेली गाढवे.)

ही माणसे त्याआधी काय करत होती, हे विचारायला हवे, कारण त्यांच्याविषयीच्या बहुतेक बोलण्यात हा प्रश्नच नसतो. लमाण-बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस नेत. कैकाडी कणग्या आणि टोपल्या विणत, वडार दगड फोडत आणि विहिरी खणत, पारधी फासे लावून शिकार करत आणि शिवारात पिकांची नासाडी करणारी जनावरे धरत. गावांना या सगळ्यांची गरज होती. मग १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली, १८६३ साली बोरघाट ओलांडून मुंबई-पुणे मार्ग सलग झाला, आणि बैलांच्या तांड्यांचा व्यापार काही वर्षांतच मोडून पडला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलातली शिकार, बांबू, चराई यांवर सरकारी मालकी बसवली. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेल्या शिकारीवर आणि प्राण्यांच्या खेळांवर बंदी आणली. वन्यजीव वाचले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्यांची पोटे त्यांच्यावर होती त्यांना दुसरे काम कोण देणार, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांनी शोधले नाही. ज्यांचा धंदा हिरावून घेतला त्यांनाच, बिनधंद्याचे भटकतात म्हणून, गुन्हेगार ठरवण्यात आले.

सोलापूरच्या सेटलमेंटमागे आणखी एक हिशेब होता. गिरण्यांना मजूर हवे होते, आणि कुंपणातला माणूस मजुरी पटली नाही म्हणून गाव सोडून जाऊ शकत नव्हता. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग येथेही अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना सुधारणेचे नाव दिले गेले. शाळा होत्या, दवाखाने होते, आणि तेथे मनापासून काम करणारी काही माणसेही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या सुधारणेतून बाहेर पडण्याची मुभा नाही, तिला कैद म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

(दृश्य: ३१ ऑगस्टचा कार्यक्रम, ध्वज, मुलांची रांग.)

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. या माणसांवरचा कायदा मात्र देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणूनच भटके-विमुक्त समाज, म्हणजे भटक्या जमाती आणि या कायद्यातून मुक्त झालेल्या ‘विमुक्त’ जमाती, ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतो. एक कायदा गेला, आणि त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ साली केला. नव्या कायद्यांत जमातीचे नाव नव्हते, ते व्यक्तीला लागू होणार होते. पण ठाण्यातली जुनी नोंदवही, जुना हवालदार आणि जुनी नजर जागेवरच राहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ साली भारताला हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली, कारण त्यांतून जुना कलंकच पुढे चालू राहतो असे तिचे मत होते. एखाद्या समूहाला त्याच्या कुळावरून कमी लेखणे हा वंशभेदाचाच प्रकार आहे, अशी त्या समितीची भूमिका आहे, आणि ती आपल्याकडे अद्याप नीट पोहोचलेली नाही.

कायद्याची गोष्ट अशी तारखांनिशी सांगता येते. रोजच्या वागण्याची गोष्ट सांगणे अधिक अवघड आहे, कारण तिची नोंद कोणीच ठेवत नाही.

गावात रात्री चोरी झाली की सकाळी पोलिसांची गाडी प्रथम पालांकडे वळते. वर्गात कोणाची वस्तू हरवली की पारध्याच्या पोराचे दप्तर आधी उघडले जाते, आणि वस्तू दुसरीकडे सापडली तरी त्या पोराची माफी मागितली जात नाही. किराणा दुकानात बाई आत आली की दुकानदाराची नजर तिच्या हातांवर खिळते. पाण्याच्या टाकीवर तिचा हंडा शेवटी लागतो. जत्रेच्या आधी ‘बंदोबस्त’ म्हणून पुरुषांना ठाण्यावर बसवून ठेवले जाते. घरातले माणूस गेले तर पुरायचे कोठे यावरून वाद होतो, कारण गावाच्या स्मशानभूमीवर या वस्तीचा हक्क असल्याचे गाव मानत नाही. यांपैकी एकही प्रसंग वर्तमानपत्रात येण्याइतका मोठा नसतो. पण रोज सकाळी उठून आपण चोर नाही हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचे, आणि संध्याकाळपर्यंत ते कोणालाच पटलेले नसायचे, अशा आयुष्यात माणसाची किती शक्ती खर्ची पडत असेल, याचा विचार करून पाहावा.

आपली भाषाही यात सामील आहे. ‘कैकाड्यासारखे काय ओरडता’, ‘वडाराचे पाल केले आहे घराचे’, ‘पारध्यासारखा राहतोस’ अशी वाक्ये सुशिक्षित घरांत सहज, हसत, मुलांच्या देखत बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात वैर नसते. म्हणून तर ती इतकी टिकाऊ आहेत. त्याच घरांत मूल जेवत नसले की त्याला सांगितले जाते, झोळीवाला येईल आणि धरून नेईल.

(दृश्य: सातपुडा-सह्याद्रीच्या कुशीतला रस्ता, आठवडी बाजार. या भागात संगीत नाही.)

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून राज्यभर फिरत होती. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागण्यासाठी तेथे उतरले. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही जण. ते कोण आहेत हे समजून घेणे कठीण नव्हते, परंतु ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली.

अफवा नवी होती आणि मोबाइलवरून आली होती. तिच्यावर विश्वास बसला तो मात्र जुना होता. झोळीवाला मुले पळवतो हे त्या जमावातल्या प्रत्येकाने लहानपणीच ऐकून ठेवले होते, आणि त्या दिवशी खरोखरचा झोळीवाला समोर आला. आणखी एक गोष्ट येथे टाळता येणार नाही. हा भाग आदिवासीबहुल आहे. स्वतः उपेक्षा सोसलेली माणसेही आपल्याहून निराधार माणसावर तोच संशय ठेवू शकतात. संशय वरून खाली झिरपत जातो आणि सर्वांत शेवटी ज्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही, शिधापत्रिका नाही त्याच्यापाशी येऊन साचतो.

भिक्षेबद्दलही कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्याच्या व्याख्येनुसार गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणे हीसुद्धा भीकच ठरते. म्हणजे पहाटे दारात येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी, पिंगळा जोशी हे सगळे त्या व्याख्येत बसतात. आपण त्यांची चित्रे लोककलेच्या दिनदर्शिकेवर छापतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलांना वासुदेवाची टोपी घालून नाचवतो, आणि खरा वासुदेव सोसायटीच्या फाटकाशी आला की पहारेकरी त्याला हाकलतो. टोपी तीच असते.

(दृश्य: रात्रीचे बसस्थानक. वाट पाहणारे प्रवासी.)

येथे दुसऱ्या बाजूविषयी बोलले पाहिजे, म्हणजे ही चित्रफीत पाहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांविषयी. रात्री अकरा वाजता बसस्थानकावर दोन पिशव्या घेऊन बसलेल्या एखाद्या कुलकर्ण्याला, पाटलाला किंवा देशमुखाला कोणी पिशवी उघडायला सांगत नाही. सराफाच्या दुकानात त्याच्यापुढे आधी पाण्याचा पेला येतो. भाड्याने घर मागताना तो कामधंदा सांगतो आणि समोरच्याचा विश्वास बसतो. आपल्याला काही विशेष मिळाले असे त्याला वाटत नाही, कारण संशय न येणे ही त्याला जगाची साधी रीत वाटते. गरीब सवर्णाला पैशाची ओढाताण असते, त्याचे कष्ट खोटे नाहीत. परंतु त्याच्या गरिबीवरून कोणी त्याच्या बोटांचे ठसे मागत नाही. सवलत म्हटली की आपल्याला राखीव जागा आठवतात. विनाचौकशी चालत राहण्याची ही सवलत जन्माबरोबर मिळते, तिच्यासाठी दाखला काढावा लागत नाही, आणि म्हणून ती मोजली जात नाही.

दाखला ज्यांना काढावा लागतो त्यांची कथा निराळी आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. ज्यांना त्या काळात एका गावात तीन रात्रींहून अधिक राहू दिले जात नसे, ज्यांच्या घरात कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांच्या नातवाने आजोबांचा साठ वर्षांपूर्वीचा पत्ता कोठून आणायचा? त्यातही कैकाडी माणूस विदर्भात अनुसूचित जातीत मोडतो आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत, त्यामुळे नांदेडच्या आणि यवतमाळच्या नातलगांचा कागदोपत्री प्रवर्गच वेगळा होतो. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दहा वर्षांनी या प्रश्नांवर अहवाल दिले. शिफारशींची कमतरता नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाविषयी निकाल दिला. जातीवरून कैद्यांना कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मजात सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले. या जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो मुंबईच्या एका पत्रकार महिलेने तुरुंगांवर केलेल्या शोधकामामुळे आणि तिनेच दाखल केलेल्या याचिकेमुळे.

तेव्हा वार्तांकनाने काही बदलत नाही, असे म्हणता येत नाही. आणि म्हणूनच वृत्तपत्रांकडे आणि वाहिन्यांकडे एक स्पष्ट मागणी करता येते. ‘पारधी टोळी जेरबंद’ असे मथळे आजही छापले जातात. सहकारी बँकेतल्या ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये बुडवणाऱ्या संचालकाची जात मथळ्यात कधी येत नाही, आणि येऊही नये. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात जमातीचे नाव आले, तर बातमी लिहिणाऱ्याने ते गाळावे, संपादकाने ते राहिले आहे का हे तपासावे, आणि गृहविभागाने ते पत्रकात घालण्याची पद्धतच बंद करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. उद्याच्या अंकापासून हे करता येते.