फेरीबोटीत रुसणारी गाडी

[दृश्य: गोव्यातला रायबंदरचा धक्का, सकाळ]

चोडणहून आलेली फेरीबोट धक्क्याला टेकते. लोखंडी फळी धाडकन खाली पडते आणि स्कूटरी सुटतात. त्यांच्यामागे एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी. चालक चावी फिरवतो. टक. पुन्हा फिरवतो. पुन्हा नुसतं टक. मागे हॉर्न सुरू. शेवटी दोन खलाशी मागून हात लावतात, पुढची चाकं फळीच्या कडेवर आदळतात, आणि पुढच्या चावीला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, असा उचलतो जणू काही झालंच नव्हतं.

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक. गेल्या पावसापासून हा खेळ चालू आहे. रोज नाही, हीच तर पीडा. आठवडाभर गाडी गुणी असते, मग एका दिवशी नेमकी बोटीत रुसते. नवी बॅटरी घालून झाली. सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलून झाले. उंदराने वायर कुरतडली असेल, असंही कुणी सांगितलं. बॉनेट उघडून तेही पाहिलं.

[दृश्य: मेरशीतलं गॅरेज]

इथे आल्यावर गाडी दहापैकी दहा वेळा चालू होते. वायरिंगचं काम करणारे मेस्त, म्हणजे मिस्त्री, हसतात.

"सर, आमच्यासमोर सगळ्या गाड्या शहाण्याच."

ते हत्यार उचलत नाहीत. आधी एकच प्रश्न विचारतात. टक वाजतं तेव्हा डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का?

सर आठवून सांगतात. नाही, लख्ख असतात.

या एका उत्तराने अर्धं काम झालं. बॅटरी उतरलेली असती, तर सेल्फने ओढल्याबरोबर दिवे विझायला आले असते. ते लख्ख राहतात याचा अर्थ बॅटरीत जोर आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा तिथून परत येत नाही. परतीची वाट आपण विसरतोच. प्लसची लाल वायर डोळ्यांत भरते, पण जेवढा करंट जातो तेवढाच इंजिनाच्या लोखंडातून अर्थच्या पट्ट्याने बॅटरीच्या मायनसवर परत यावा लागतो.

गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. उत्तम. मग मेस्त मीटरची बीपवाली कंटिन्युटी, म्हणजे वाट अखंड आहे का ते सांगणारी चाचणी, लावतात, खरं तर आम्हाला दाखवण्यासाठीच. अर्थचा पट्टा बीप देतो. पट्ट्यात तांब्याची एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देईलच. सेल्फ मात्र शंभरावर अँपिअर ओढतो, आणि तेवढ्या करंटला ०.०५ ओहमचा अडथळाही ५ व्होल्ट खाऊन टाकतो. इतका बारीक अडथळा साध्या मीटरला ओहममध्ये दिसत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या पिनांचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि व्होल्टमध्ये.

काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारा. ०.१ व्होल्ट. याहून चांगलं काय असणार?

आता मेस्तांनी गॅरेजातल्या पोराला लाकडाचा ओंडका आणायला सांगितलं. इंजिनाखाली तरफ लावून पोराने ते हलवलं, फेरीबोटीच्या फळीवर हलतं तसं. सेल्फ मारला. टक. मीटरवर ७ व्होल्ट. बारातले सात परतीच्या वाटेतच अडकले होते.

[दृश्य: हातात काढलेला पट्टा]

बाहेरून पट्टा धडधाकट. रबर चिरल्यावर आतून हिरवी पूड सांडते. मांडवीचं पाणी इथे खारं. धक्क्याच्या उतारावर चाकांनी उडवलेले शिंतोडे टोकाच्या लगमधून, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोकातून, आत शिरले आणि वातीत तेल चढावं तसे तारांमधून वर चढत गेले. तांबं खाल्लं गेलं, मग हादऱ्यांनी एकेक तार तुटली. चोडणच्या फळीवर गाडी आदळली की तुटकी टोकं दूर होत. रायबंदरच्या फळीवर पुन्हा टेकत. राहिलंसाहिलं काम मेरशीपर्यंतचे खड्डे करत. खड्ड्यांनी गाडी दुरुस्त होते, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं!

मेस्त क्लचची केबल दाखवतात. तिचं प्लॅस्टिक मऊ पडून चिकटलंय. पट्टा तुटला की करंट मिळेल त्या वाटेने परततो. या गाडीत तो क्लचच्या केबलमधून जात होता आणि तिला तापवत होता. आणखी काही महिने असेच गेले असते, तर सर क्लचची तक्रार घेऊन आले असते.

नवा जाड पट्टा बसला. त्याआधी बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून लोखंड चकचकीत केलं, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. ओंडका लावून पुन्हा हलवलं, सेल्फ मारला. ०.१. पुन्हा हलवलं. ०.१.

[दृश्य: संध्याकाळ, फेरीबोट चोडणला टेकते]

फळी पडते. स्कूटरी सुटतात. सर चावीला हात घालतात, आणि ते फिरवण्याआधीच एक खलाशी सवयीने डिकीवर दोन्ही हात टेकून उभा राहतो. गाडी निघून जाते. त्याचे हात क्षणभर हवेतच.