तगर म्हणजेच तेर : संग्रहालयाचा पत्ता यंत्राला सांगताना

[दृश्य: धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पावसानं धुतलेलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, मातीतून डोकावणारी खापरं.]

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्यानं आपल्या मराठवाड्याचा पत्ता लिहून ठेवला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याचं 'पेरिप्लस' हे प्रवासटिपण मात्र टिकलं. तो सांगतो, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवस चाललं की तगर नावाचं फार मोठं शहर लागतं. पैठणहून गाड्या भरून अकीक येतो, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल.

नाव, दिशा, अंतर, तिथं मिळणारा माल, सगळं दिलंय. तरीही एकोणिसाव्या शतकात हे तगर कुठं होतं यावर विद्वानांचा वाद चालूच राहिला. भगवानलाल इंद्रजी म्हणाले, जुन्नर. रा. गो. भांडारकरांना ते आपल्या बीडकडचं धारूर वाटलं. फ्लीट आधी कोल्हापूरच्या बाजूनं होते. पुढं त्याच फ्लीटनी तेरणाकाठच्या तेरवर बोट ठेवलं, आणि तगर म्हणजेच तेर हे हळूहळू मान्य झालं.

या 'म्हणजेच' शब्दासाठीच आजची गोष्ट सांगतेय. संग्रहालयाच्या वेबपानावर नाव, पत्ता, वेळ सर्च इंजिनच्या यंत्राला कळेल असं कसं लिहायचं, त्याची.

[दृश्य: तेरचं संग्रहालय. काचेच्या पेटीतली हस्तिदंती बाहुली, जवळून.]

तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या, जपल्या. त्यांच्याच नावानं आज इथं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. मण्यांच्या माळा, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या मूर्ती आणि ही हस्तिदंती स्त्री. हिच्याशी नातं सांगणारी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे आपल्या दख्खनशी नातं सांगणारी कारागिरी तेव्हा रोमन माणसाच्या घरात पोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच घडणीचं हस्तिदंती काम सापडलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वर्गात पोरांना सांगता सांगता मधेच थांबले होते. गळा दाटून आला होता.

मी शाळेत शिकवते. दर हिवाळ्यात सहल निघते. एका वर्षी चाळीस लेकरं घेऊन मी याच भागातल्या एका संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभी होते. फोनवर पाहिलं होतं, तिथं 'उघडं' असं लिहिलेलं होतं. संग्रहालयाच्या पानावर सुट्टीचा वार दिलेलाही होता, पण स्कॅन केलेल्या पत्राच्या फोटोत. माणसानं तो फोटो मोठा करून वाचला तर कळणार. सर्च इंजिनच्या यंत्राला तो वार उचलता आला नाही. लेकरांनी दारासमोरच्या झाडाखाली डबे खाल्ले आणि आम्ही परतलो. ते मी विसरले नाही.

[दृश्य: सातबाऱ्याचा उतारा, त्यातले रकाने.]

आता हा सातबारा पाहा. शेताची हीच माहिती आजोबांच्या पत्रातही असू शकते, की ओढ्यापलीकडचं आपलं वावर, दोन एकर, थोरल्याच्या नावावर. घरातल्याला ते कळतं. तहसीलमधल्याला नाही कळत. सातबाऱ्यात मात्र गट क्रमांक त्याच्या जागी असतो, क्षेत्र त्याच्या जागी, भोगवटादार त्याच्या जागी. उमरग्याचा असो की कंधारचा, रकाना तोच, म्हणून वाचणारा चुकत नाही.

वेबपानासाठी असे ठरलेले रकाने २ जून २०११ रोजी जाहीर झाले. गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू हे एकमेकांचे स्पर्धक त्यासाठी एकत्र आले आणि त्याच वर्षी रशियातलं यांडेक्सही त्यांना मिळालं. या शब्दसंग्रहाचं नाव स्कीमा डॉट ऑर्ग. तो उभारण्यात पुढाकार होता रामनाथन गुहा यांचा, मद्रास आयआयटीत शिकलेल्या माणसाचा. या यादीत 'म्युझियम' असा स्वतंत्र प्रकार आहे. तो 'सिव्हिक स्ट्रक्चर' म्हणजे सार्वजनिक वास्तूंच्या घरातला, आणि ते घर 'प्लेस'च्या, म्हणजे ठिकाणाच्या वाड्यातलं. म्हणून ठिकाणाचे सगळे रकाने संग्रहालयाला आपोआप मिळतात. पत्ता, अक्षांश-रेखांश, फोन, फोटो, उघडण्याच्या वेळा, प्रवेश मोफत आहे की नाही.

हे लिहायची सोपी रीत म्हणजे जेसन-एलडी. पानाच्या कोडमध्ये एक छोटा तुकडा ठेवायचा. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. डावीकडं रकान्याचं नाव, उजवीकडं आपली माहिती.

[दृश्य: संगणकाचा पडदा. एकेक ओळ टाइप होते आहे.]

पहिली ओळ नावाची. इथं पाटीवरचं पूर्ण नाव मराठीत लिहायचं, युनिकोडमध्ये. आपल्याकडं अजून कितीतरी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. डोळ्याला तो मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी असते.

त्याखाली 'अल्टरनेट नेम', म्हणजे दुसरी नावं. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा रकाना. तेरला कुणी तेर म्हणतं, इतिहासवाला तगर म्हणतो, रोमन लिपीत लिहिणारा त्याच्या कानाला येईल तसं लिहितो. लामतुरे हे आडनाव रोमन लिपीत निदान दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येईल. कुणी 'वस्तुसंग्रहालय' शोधतं, कुणी 'म्युझियम', आणि आमच्याकडची म्हातारी माणसं 'अजबखाना' म्हणतात. शिवाय २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. फेरफार झाला, पण बाहेरच्या प्रवाशाच्या बोटाला अजून जुनंच नाव सवयीचं आहे. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात, ते खोडून टाकत नाहीत. इथंही गावाचं नवं नाव पत्त्यात लिहावं आणि संग्रहालयाच्या नावात जुनं गाव येत असेल तर ते नाव या रकान्यात ठेवावं.

मग 'सेम-अ‍ॅज'. या रकान्यात दुवे द्यायचे आणि सांगायचं की हे संग्रहालय म्हणजेच विकिपीडियावरचं ते पान, विकिडेटावरची ती नोंद. विकिडेटा २०१२ पासून चालू आहे. तिथं प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक मिळतो, तो भाषेवर अवलंबून नसतो. नेपल्समध्ये पाँपेईची मूर्ती पाहून कुणी इटालियन भाषेत शोध घेतला तरी तो आपल्या तेरच्या नोंदीपर्यंत पोचू शकतो, नोंदी एकमेकींना बांधलेल्या असतील तर. फ्लीटनी वर्षानुवर्षं पुरावे तोलून जो 'म्हणजेच' मिळवला, तो इथं आपल्याला एका ओळीत लिहायचा आहे.

वेळेच्या रकान्यात वार आणि तास चोवीस तासांच्या घड्याळानं द्यायचे. साप्ताहिक सुट्टी एकीकडं. सणासुदीचे बंद दिवस 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असे वेगळे. एक गोष्ट मी चुकून शिकले. वेळ, तारीख आणि अक्षांश-रेखांश हे आकडे देवनागरीत चालत नाहीत, रोमनच लागतात. वर्डमध्ये लिहून चिकटवलं तर अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि अख्खा तुकडा निकामी होतो. एक स्वल्पविराम जास्त झाला तरी तेच. म्हणून लिहून झालं की स्कीमाचं तपासणीपान उघडायचं, तुकडा त्यात टाकायचा. चूक कुठल्या ओळीत आहे ते तिथं दिसतं.

यानं संग्रहालय यादीत सगळ्यांच्या वर येईल असं मी म्हणणार नाही. तसा शब्द गूगलही देत नाही. नकाशावरची वेळ बहुतेकदा गूगलच्या वेगळ्या नोंदीतून येते, तीही संग्रहालयानं हातात घेऊन दुरुस्त ठेवावी लागते. आणि तुकड्यात एक, पानावर दुसरं, असं चालत नाही. जे पानावर वाचणाऱ्याला दिसतं तेच तुकड्यात हवं. पण यंत्राला अंदाज बांधावा लागू नये एवढं आपल्या हातात आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक दुपार लागते.

वस्तूंच्या नोंदींचा पसारा निराळा. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची प्रणाली बनवली आहे. पण आधी दार तर सापडू दे.

[दृश्य: पैठण. गोदावरीचा घाट, मग बाळासाहेब पाटील वस्तुसंग्रहालयाची पाटी. मग छत्रपती संभाजीनगरचा सोनेरी महाल.]

पैठणला बाळासाहेब पाटलांच्या नावाचं संग्रहालय आहे, सोनेरी महालात आहे, विद्यापीठात आहे, माहूरला आहे. तगरपासून पैठण दहा दिवसांची वाट होती. सहलीच्या गाडीतून ती एका सकाळची आहे. सातवाहनांची दोन्ही शहरं लेकरांना एका दिवसात दाखवता येतात, फक्त निघण्याआधी दोन्ही दारं उघडी असल्याचं कळायला हवं.

[दृश्य: संध्याकाळ. घराच्या ओट्यावर मांडीवर लॅपटॉप.]

आमच्या जवळच्या एका छोट्या संग्रहालयाच्या पानासाठी हा तुकडा मी लिहून दिला. तिथले शिपाई मामा अधूनमधून फोन करतात.

"मॅडम, परवा दुरुस्तीवाले यायलेत. दोन दिवस बंद ठेवायचं म्हणून साहेबांनी सांगितलंय."

"कोणते दोन दिवस, मामा?"

"बुधवार अन् बेस्तरवार."

आधी पानावरची सूचना बदलते. मग तुकड्यात दोन तारखा घालते, स्वल्पविराम पाहते, तपासणीपानावर टाकते. चूक नाही. जतन करते आणि मामांना उलट फोन लावते.

"झालं मामा. शुक्रवारी सकाळी दहाला उघडणार ना?"

"उघडणार की. मीच हाय किल्ली घेऊन."