हवा आत येते कशी?

नमस्कार श्रोतेहो. एक हात पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवा बघू. गाडी चालवत असाल तर राहू द्या, नंतर करा. आता नेहमीसारखा श्वास घ्या. हात वर आला ना? हवा गेली छातीत, मग पोट कशाला पुढे आलं?

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी, की आपण नाकाने हवा ओढतो आणि ती आत शिरली की छाती फुगते. होतं नेमकं उलटं. छाती आधी मोठी होते, म्हणून हवा आत येते. लोहाराचा भाता ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. हवा शिरली म्हणून भाता उघडत नाही. तो उघडला की हवा शिरते.

फुफ्फुसांना स्वतःला फुगवता येत नाही, तसे स्नायूच त्यांच्यात नाहीत. मुख्य काम करतं ते श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामधला हा पातळ, रुंद स्नायू वरच्या बाजूला फुगीर असतो. तो आकसला की सपाट होतो आणि एक-दीड सेंटिमीटर खाली सरकतो. खोल श्वासात तर कितीतरी जास्त. खाली यकृत, जठर, आतडी दाटीवाटीने बसलेली. मागे मणका, त्यामुळे तिकडे सरकायला वाव नाही. मग ती पुढे येतात आणि पोट फुगल्यासारखं दिसतं. पंगतीत आडवा हात मारल्यावर श्वास जड का वाटतो, याचंही उत्तर इथेच आहे: श्वासपटलाला खाली उतरायला जागा उरलेली नसते. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात.

आता दाबाचं गणित. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला पाऱ्याच्या 760 मिलिमीटर. छाती मोठी झाली की फुफ्फुसातल्या हवेचा दाब त्याहून किती कमी होत असेल? जेमतेम एक मिलिमीटर! एवढ्याशा फरकावर साधारण अर्धा लिटर हवा आत येते. निरोगी श्वासनलिकांमध्ये वाट इतकी मोकळी असते, की जास्त जोर लागतच नाही.

पण छाती हलली म्हणून फुफ्फुस का हलावं? ते तर तिला कुठे शिवलेलं नाही. फुफ्फुसावर एक पातळ आवरण आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं. दोघांच्या मध्ये द्रवाचा अगदी पातळ थर. फुफ्फुस सतत आत आकसू पाहतं आणि छातीचा पिंजरा बाहेर. या ओढाताणीमुळे मधल्या जागेतला दाब कायम बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो, सुमारे 756. श्वास घेताना तो आणखी दोनेक मिलिमीटर उतरतो. म्हणूनच अपघातात मोडलेली बरगडी फुफ्फुसात घुसली आणि या जागेत हवा शिरली, की त्या बाजूचं फुफ्फुस मिटतं. छाती हलत राहते, पण ते तिच्याबरोबर नीट फुगत नाही.

श्वास सोडणं मात्र फुकटात होतं. स्नायू सैल पडले, ताणलेलं फुफ्फुस आपोआप आकसलं, दाब बाहेरच्यापेक्षा एखादा मिलिमीटर वाढला, हवा बाहेर. चूल फुंकताना किंवा खोकताना मात्र पोटाचे स्नायू कामाला लागतात. खोकून खोकून पोट दुखतं ते त्यामुळेच.

दमा इथेच घाला घालतो. श्वासनलिका अरुंद होतात, आणि श्वास सोडताना तर त्या आणखीच चिंबतात. हवा आत अडकून राहते. पेशंट म्हणतो, "श्वास आत जात नाही हो," पण खरी अडचण बाहेर पडण्याची असते. छाती आधीच भरलेली, श्वासपटल आधीच सपाट. आता ते आणखी किती खाली जाणार? मग मानेचे स्नायू मदतीला येतात. गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसलेला, मानेच्या शिरा ताठलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि त्या स्नायूंना जोर लावायला आधार मिळतो. त्याला बळेच आडवं करू नका.

आता घरात लहान बाळ असलेल्यांनी जरा कान देऊन ऐका. बाळाच्या बरगड्या लवचीक असतात. न्यूमोनियाने फुफ्फुस कडक झालं की श्वासपटल जोरात ओढतं, छातीतला दाब खूप उतरतो आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत खेचला जातो. आशाताई झबलं वर करून बघतात ते हेच. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांना दाखवायचंच. आणि छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका, शेक-शेगडीत वेळ घालवू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी बाळाला उचला आणि दवाखाना गाठा.