यंदा दहावी आहे

जमलेल्या पालकांनो, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरींनो,

मी कराटे शिकवते. दरवर्षी जून लागला की एक वाक्य माझ्या कानावर येतं. नागपुरात धंतोलीतून येतं, महालातून येतं, मानकापूरहूनही येतं. “मॅडम, यंदा दहावी आहे. पुढच्या वर्षी बघू.” मग ती मुलगी परत येत नाही. तिचा भाऊ मात्र दहावीतही रोज संध्याकाळी क्रिकेटला जात असतो. मला याचा त्रास होतो, म्हणून आज कराटेपटू सांद्रा सांचेझबद्दल बोलणार आहे.

स्पेनमधल्या तालावेरा गावची ही मुलगी, जन्म १९८१चा. घरच्यांना वाटे, तिनं नाच शिकावा. ती चार वर्षांची असताना भावाच्या मागे मागे कराटेला गेली आणि तिथलीच झाली. ऐन उमेदीत आईला कॅन्सर झाला. तिनं आपला खेळ बाजूला ठेवला आणि आईपाशी राहिली. हे आपल्या बायकांना समजावून सांगायला नको. पुढे ती स्पेनच्या संघात स्थिरावली तेव्हा तिशी उलटून गेली होती. २०१५ साली इस्तंबूलला युरोपची विजेती झाली, तेव्हा वय ३३. पुढच्या वर्षी लिंझला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. २०१८ला माद्रिदमध्ये जागतिक सुवर्ण, तेही जपानच्या कियू शिमिझूला हरवून. शिमिझू आधीच्या दोन्ही वेळची जगज्जेती होती!

सांचेझचा प्रकार काता. काता म्हणजे काय, ते पालकांसाठी सांगते. ठरलेल्या हालचाली ओळीनं करून दाखवायच्या, समोर प्रतिस्पर्धी नसतो. मुलगी एकटी मॅटवर येते, वाकून नमस्कार करते, काताचं नाव मोठ्यानं पुकारते आणि सुरू करते. ठोसा नीट बसला की गीच्या, म्हणजे कराटेच्या पोशाखाच्या, बाहीचा फट्टकन आवाज येतो. उडी मारून खाली उतरताना टाच जराशी सरकली, तरी पंचांना दिसतं. टोकियो ऑलिंपिकला सात पंच होते. वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून टाकायचे, मधले तीन धरायचे. तंत्राला ७० टक्के वजन, ताकद-वेग-तोलाला ३०.

५ ऑगस्ट २०२१, टोकियोतलं निप्पॉन बुडोकान सभागृह. अंतिम फेरीत पुन्हा सांचेझ आणि शिमिझू. सांचेझ २८.०६, शिमिझू २७.८८. फरक ०.१८चा. सुवर्णपदक घेताना सांचेझ ३९ वर्षांची होती.

दोन दिवसांनी, ७ ऑगस्टला, आपण सगळे नीरज चोप्राचा भाला बघत होतो. त्याच दिवशी इजिप्तची फेरयाल अब्देलअझीझ कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, ६१ किलोवरच्या गटात जिंकली. वय २२. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी इजिप्तची ती पहिली महिला. म्हणजे एक बाविशीतली, एक चाळिशीच्या उंबरठ्यावरची. पंधराव्या वर्षी दार लावून घेण्याची घाई आपल्यालाच का?

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हतं, हे खरं आहे. “मग उपयोग काय?” असं एका वडिलांनी मला विचारलं. एशियन गेम्समध्ये १९९४पासून आहे, जागतिक स्पर्धा आहेतच. पण खरं सांगू का, उपयोगाचा हिशेब आपण मुलींच्याच बाबतीत आधी मांडतो.

मी पालकांकडे एवढंच मागते: दहावीच्या वर्षी आठवड्याचे दोन दिवस. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा आम्ही पहाटे साडेपाचला गच्चीवर सुरू करतो आणि फरशी तापायच्या आत थांबतो. अभ्यासाचा वेळ जात नाही.

गेल्या वर्षी एक आई मुलीला सोडायला यायची आणि जिन्यात बसून राहायची. एक दिवस म्हणाली, “मॅडम, मी शिकले तर चालेल काय?” आता दोघी शेजारी उभ्या राहून हेइआन शोदान ही सुरुवातीची काता करतात. आईचं वळण अजून उलट्या बाजूला जातं. मग पोरगी तिचा खांदा धरून तिला फिरवते आणि म्हणते, “आई, इकडे. परत.”