चारशे सत्तर रुपये आले कुठून?

(इंदूरमधील एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘शेतकरी अनुदान : युरोप आणि आपण’. युरोपात जाऊच, पण वाटेत आपलं इंदूरजवळचं सांवेर लागतं. तिथे आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची अशी कुठे ना कुठे असेलच, आणि भावाभावांत तिची तारीखही चालू असेल. हसताय ते कोण, मला कळतंय.

2017 चा खरीप आठवा. जूनमध्ये मंदसौरला गोळीबार झाला, शेतकरी गेले, आणि त्याच हंगामात मध्य प्रदेश सरकारने भावांतर भुगतान योजना आणली : हमीभावापेक्षा कमी भाव मिळाला, तर फरक सरकार भरणार. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 3050. मंडीत ट्रॉली लावली. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, ‘नमी है’ म्हणाला आणि 2200 वर सौदा पक्का केला. मी तिथेच हिशेब केला, उरलेले साडेआठशे सरकार देणार. खात्यात आले क्विंटलमागे 470.

विचारायला गेलो. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी एका बाबूने चष्म्यावरून पाहिलं. ‘भाईसाहब, ऊपर से आया है.’ म्हटलं, वरून पाऊस येतो, आकडा कुणीतरी काढलेला असतो. तर म्हणे, ‘आपका नाम लिस्ट में है ना? फिर?’ आणि बोट भिंतीकडे. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, रक्कम, सगळं डकवलेलं. आमच्या शेजाऱ्याच्या जावयाने ती यादी वाचूनच सासऱ्याकडे उसने मागितले होते!

गोम पुढे कळली. योजनेत ‘मॉडेल भाव’ नावाची चीज होती. आपल्या राज्यातल्या आणि इतर दोन राज्यांतल्या मंड्यांच्या भावांची सरासरी. ती निघाली 2580. तुम्ही त्याहून स्वस्तात विकलंत, तर फरक हमीभाव आणि मॉडेल भाव यांच्यातलाच. 3050 वजा 2580, झाले 470. मला एकूण पडले 2670, हमीभावापेक्षा 380 कमी. नियम होता, मान्य. पण ती सरासरी कुठल्या मंड्यांची, कुठल्या दिवसांची, हे त्या भिंतीवर नव्हतं. आपल्या इंदुरात कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करतात. सरकारी हिशेब मात्र अजून एकाच डब्यात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग युरोप धावतच.

तिकडे शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं आणि रकमा इंटरनेटवर टाकत. जर्मनीतल्या हेसेनचे शेतकरी कोर्टात गेले. 9 नोव्हेंबर 2010 ला लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की, रक्कम किती, किती काळ घेतली, याचा काहीच भेद न करता व्यक्तींची नावं सरसकट छापणं प्रमाणाबाहेर आहे. कंपन्यांना ही सवलत नाही. 2013 मध्ये नियम बदलून नावं परत आणली, पण अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची नावं वगळून.

आपल्याकडे माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्याच्या कलम 4 नुसार अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे कुणी अर्ज करायच्या आत खात्याने स्वतःहून जाहीर करायचं. तीन गोष्टी आहेत. त्यातली लाभार्थ्यांची तेवढी भिंतीवर लागते, कारण ती सोपी आहे आणि तिने खात्याचं काही बिघडत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने, माहिती अधिकारात वैयक्तिक माहिती न देण्याची जी सूट खात्यांना होती, ती आणखी रुंद केली. आता नावंही झाकली जातील अशी भीती आहे. ती झाकली तर पटवाऱ्याच्या मेहुण्याचं नाव कोण पकडणार? म्हणून नावं राहू द्या, माझंही राहू द्या. पण त्या भिंतीवर वरच्या ओळीत सरासरी मांडा : कुठली मंडी, कुठली तारीख, किती आवक, काय भाव. मंडीत रोजच्या भावाचा फळा असतोच, त्याच्याशेजारी लावा.

बटाईदाराचं राहिलंच. पीएम किसानचे वर्षाला 6000 जमीन ज्याच्या नावावर त्याला मिळतात, कसणाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. पण अध्यक्ष उभे राहिलेत.